कुठून कुठे?

लिफ्टमध्ये शिरले, तर आत एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावरून आडवी टाकलेली खाकी पिशवी. दार मिटायच्या आत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठून कुठे?"

"बाराव्या मजल्यावरून खाली," मी म्हटलं. त्या दिवसांत मी कुणाशीच धड बोलत नव्हते.

"ते दिसतंय. मूळ कुठून?"

झालं, माझ्या डोक्यात सणक गेली. मूळ गाव कुठलं, आडनाव काय, कुलदैवत कुठलं, हे प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात ते काय मला कळत नाही? मी म्हटलं, "तुम्हांला नक्की काय माहिती हवी आहे?"

"जात नको मला. स्टॉप सांग. गाडी कुठे धरलीस?"

आता यावर कोण काय रागावणार! "खोपट," मी म्हटलं.

"खोपट!" बाईंचा चेहरा एकदम खुलला. "अगं, अर्धं आयुष्य गेलं माझं त्या डेपोत. एसटीत कंडक्टर होते मी. मी कोपरीची. लीला साळवे, चौदावा मजला. येते हां, खोपट." लिफ्ट उघडली आणि बाई तरातरा निघून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी खोपट झाले. माझं नाव वैशाली आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे की नाही, असं मला पुढे बरेच दिवस वाटायचं. वॉचमनला त्या जौनपूर म्हणत आणि लिफ्टच्या मेकॅनिकला परभणी. माणूस जिथून निघाला तेच त्याचं नाव, असा त्यांचा साधा हिशोब होता.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ठाण्यातली खोपटची आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, तिथे परत घर घेणं झेपेना, म्हणून आम्ही कल्याणच्याही पुढे या सात टॉवरांच्या कॉम्प्लेक्समध्ये आलो. कॉम्प्लेक्सचं नाव इंग्रजी. रिक्षावाल्याला सांगताना मला आजही लाज वाटते. आजूबाजूला अर्धवट उभ्या इमारती, मधेच शेताचा तुकडा, पलीकडे हायवे. खिडकीतून बघितलं तर एकही ओळखीची गोष्ट दिसायची नाही. सहा महिने मी इथे राहत नव्हते, इथे फक्त माझं सामान राहत होतं. घरून काम करायचं, सामान ऑनलाइन मागवायचं आणि नवऱ्यावर खेकसायचं, एवढाच दिनक्रम.

साळवेबाईंचंही घर सुटलं होतं. कोपरीत त्यांनी चाळीस वर्षं संसार केला, नवरा तिथेच गेला, मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून त्या आल्या. पण हळहळत बसायला त्यांना वेळ नव्हता. बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले, तेव्हाच्या पहिल्या काहीजणींतल्या त्या. "नवीन रूट मिळाला की आम्ही काय रडत बसायचो का गं?" त्या म्हणायच्या. "पहिल्या फेरीला स्टॉप मोजायचे, दुसऱ्या फेरीला माणसं ओळखायची. तिसऱ्या फेरीला रूट आपला." इथला रूट आपला करायला त्यांना त्यांच्या नातीने एक खेळ दिला होता. ती शिकायला बंगळूरला जाताना आजीच्या फोनमध्ये टाकून गेली होती. जिओकॅशिंग.

खेळ तसा सोपा. कुणीतरी एखाद्या जागी डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण फोनमधल्या बाणाच्या मागे जायचं, डबी शोधायची, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. आत बारीकसारीक वस्तू असतात, त्यातली एक घेतली तर आपली एक टाकायची. बक्षीस काही नाही. मला हा प्रकार शुद्ध येडेपणा वाटला. एका रविवारी बाईंनी दारावरची बेल दोनदा वाजवली (त्या कायम दोनदाच वाजवत, दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा), आणि म्हणाल्या, "चल, बूट घाल. खडवलीला नदीकाठी एक डबी आहे."

"मला कामं आहेत, बाई."

"सुट्टं बोल. येतेस की नाही?"

लांबण लावणाऱ्या माणसाला त्या 'सुट्टं बोल' म्हणत. मी गेले. खडवलीला नदीकाठच्या खडकांत आम्ही दोघी तासभर वाकून फिरत होतो. कपडे धुणाऱ्या बाया आमच्याकडे बघून हसत होत्या. शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले नि म्हणाले, "काय हरवलं काय आजी?"

"हरवलं काही नाही हो. सापडायचं आहे," बाई म्हणाल्या.

अखेर एका दगडाखाली साबणाएवढी प्लॅस्टिकची डबी मिळाली. वहीत नावं होती, कुणी पुण्याचा, कुणी चक्क पोलंडचा. माझं नाव मी दोनदा गिरवून लिहिलं. हसायला काय झालं? सहा महिन्यांत या मुलखात माझं नाव कुठेतरी पहिल्यांदाच उमटत होतं, मेंटेनन्सच्या पावतीवरचं सोडून.

त्यानंतर आम्हां दोघींना नादच लागला. जवळपास डब्या काही फार नव्हत्या, पण ज्या होत्या त्यांच्यापायी आम्ही खाडीकाठ बघितला, जुन्या रस्त्यावरचा मैलाचा दगड बघितला, शहाडच्या बाजूचं एक विसरलेलं तळं बघितलं. आणि अशाच एका रविवारी फोनचा बाण रस्ता सोडून सरळ आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या झाडीत शिरला. मी म्हटलं, रस्त्याने वळसा घालून जाऊ. बाई म्हणाल्या, "बाण सांगतोय तिकडे जायचं. लोक गेल्याशिवाय वाट पडत नाही आणि इथे वाट पडलेली दिसतेय." खरोखरच, दोन्ही बाजूंना करंजाची जुनी झाडं आणि मधून पायांनी मळून मळून गुळगुळीत झालेली वाट होती. पाच मिनिटांत आम्ही करंजपाड्यात पोचलो. इतके महिने मी या गावाच्या पाठीला पाठ लावून राहत होते आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

वाटेत डोक्यावर भाजीची टोपली घेतलेली एक ठेंगणी म्हातारी भेटली. मथीबाय. तिच्या सासरची शेती याच टॉवरांखाली गेलेली. बाईंनी तिला थांबवून विचारलं, "कुठून कुठे?"

"पाड्याशी त बसस्टॉपाव," मथीबाय म्हणाली. "लगीन होऊन आल्यापासना याच वाटेनं जातंय गो. आमची पोरा पन यानंच शालेत जातान."

बाईंनी मला तिथेच सांगितलं, आपला डबा इथे ठेवायचा. आणि ठेवला. खेळातला साधा डबा नव्हे, नोकरीत जेवण न्यायचा तो चपटा स्टीलचा डबा. कॉम्प्लेक्सकडच्या टोकाला एक मोठा करंज आहे, त्याच्या ढोलीत तो आत सारून ठेवला. झाकणावर ऑइलपेंटने लिहिलं होतं: 'हा खेळाचा डबा आहे. उघडा, नाव लिहा, परत ठेवा. लीला साळवे, चौदावा मजला.' वहीत त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख, वेळ, नाव, कुठून, कुठे, सोबत काय.

"अहो बाई, खेळात नुसतं नाव लिहितात," मी म्हटलं. "आणि खेळाडू सोडून कुणाला डबा दाखवायचा नसतो. नियम आहे तो."

"लपवायचा तो डबा लपवला. वाट कशाला लपवू? या वाटेनं जो जाईल तो खेळाडू."

जगभरचा नियम त्यांनी असा एका वाक्यात निकालात काढला. मग काय विचारता, मथीबायची आठवीतली नात दर्शना शाळेत जाता-येता आपलं नि आजीचं नाव लिहायला लागली. दूधवाला लिहायचा, गावातल्या अंगणवाडीच्या ताई लिहायच्या, आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बायका लिहायच्या. 'सात चाळीस. मथीबाय. पाडा ते बसस्टॉप. दोन टोपल्या, एकीत मेथी.' कधी खेळ खेळणारा एखादा परका पोरगा यायचा आणि ही वही बघून चक्रावून जायचा. मी लिहायचे, 'कुठून: खोपट.' दर वेळी तेच. बाई म्हणायच्या, "अगं, खोपटहून रोज चालत येतेस का? आता तरी इथलं लिही." मी ऐकायचे नाही. इथलं म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

दोन वर्षं अशी गेली, आणि मग सोसायटीच्या सभेत विषय निघाला की मागची वाट बंद करून लोखंडी फाटक बसवायचं. सेक्रेटरीसाहेब उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. "सुरक्षेचा प्रश्न आहे. बाहेरचे लोक येतात. ती मागची वस्ती, ते लोक, आपल्याला माहीतच आहे."

साळवेबाई उठल्या. "सुट्टं बोला, साहेब. ते लोक म्हणजे कोण?"

साहेब पाणी प्यायले.

"बाहेरचे कोण इथे? मी कोपरी, ही खोपट, तुम्ही सातारा. बाहेरचे आपण आहोत. ती माणसं जागची आहेत. एक सांगते, रस्ता आणि पाणी या दोन गोष्टींत माझ्या घरात तडजोड होत नाही. का ते तुम्हांला माहीत असेल. नसेल तर घरी जाऊन पोरांचं इतिहासाचं पुस्तक उघडा." मग त्यांनी सभेकडे तोंड केलं. "विरोधात माझ्याबरोबर कोण उभं राहतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी नवरा पुटपुटला, "वैशू, पार्किंगची यादी त्याच्याच हातात आहे." आणि मी, दोन वर्षं त्या वाटेने जाणारी, त्या वहीत नाव लिहिणारी मी, मान खाली घालून मोबाइल बघत बसले. स्क्रीनवर काय होतं ते आठवत नाही. ठराव मंजूर झाला. विरोधात एक मत.

दुसऱ्या दिवशी दारावर दोन घंट्या वाजल्या. मला वाटलं आता आपली काही खैर नाही. बाई म्हणाल्या, "बूट घाल." चालता चालता विचारलं, "काल गप्प बसलीस."

"हो."

"पार्किंगसाठी?"

"हो."

"बरं. खरं बोललीस म्हणून गाडीत घेते. पण उभी राहशील हां. जागा नंतर." यापुढे त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मी रात्र रात्र त्या एका वाक्याने तळमळले आहे.

फाटक बसलं. पाच मिनिटांची वाट तोडल्यावर पाड्याच्या लोकांना हायवेने वळसा घालून पाऊण तास लागायला लागला. हायवेच्या कडेला पायी चालायला जागा नाही, मातीचे डंपर अंगावर येतात. मथीबाय फाटकाच्या पलीकडे टोपली घेऊन उभी राहून विचारायची, "बाय, आमी कंचे वाटेनं जावाचा?" त्या रोज सकाळी फाटकाशी जाऊन किल्लीने लोखंडावर दोनदा वाजवायच्या. टण टण. वॉचमन हात जोडायचा, "माताजी, मेरी नौकरी का सवाल है." बाई त्याला म्हणायच्या, "तुझ्यावर राग नाही रे, जौनपूर. मी वरच्यांना ऐकवतेय." मग पंधराव्या दिवशी दर्शनाला डंपरचा धक्का लागला. जिवावरचं हातावर निभावलं, पण हात दोन ठिकाणी मोडला.

त्या संध्याकाळी मी बाईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं. एकदाच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वॉचमनला खुर्चीवर बसवलंय, येणाऱ्याला विचारायला, कहाँ जा रहे हो. अगं, मी आयुष्यभर हेच विचारलं लोकांना. पण विचारलं की पोचवलं. कुठून कुठे हा प्रश्न पोचवायची तयारी ठेवून विचारायचा असतो. नाहीतर तोंड बंद ठेवायचं."

महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात त्यांनी अर्ज दिला. तिथले अधिकारी तरुण होते, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आजी, सोसायटीने लेखी दिलं आहे की ही वाट अनेक वर्षं वापरात नाही, पुढे बंद आहे. वापरात होती याचा पुरावा द्या." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, वही! दोन वर्षांच्या नोंदी आहेत. ती द्या ना."

"घरच्या वहीला कोण विचारतो, खोपट? म्हणतील, म्हातारीने काल बसून लिहिली. आमचं तिकिटांच्या हिशोबाचं वेबिलसुद्धा कंट्रोलरच्या सहीशिवाय कागदाचा तुकडाच. यावर सरकारी सही पाहिजे." आणि मग त्या तोंडातल्या तोंडात स्टॉप मोजायला लागल्या. बाई स्टॉप मोजायला लागल्या की समजायचं, काहीतरी शिजतंय.

चार दिवसांनी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'मागील गेटजवळ झाडावर संशयास्पद धातूची वस्तू. कृपया कोणीही जवळ जाऊ नये.' मी धावत खाली गेले. करंजाच्या बेचक्यात, डोळ्यांच्या उंचीवर, आमचा डबा उन्हात चमकत होता. दोन वर्षं ढोलीत आत सारलेला डबा! अर्धी सोसायटी लांब उभी राहून व्हिडिओ काढत होती. झाकणावर ठळक अक्षरांत नाव, मजला सगळं लिहिलेलं, पण वाचायला जवळ जाईल तर ना कुणी. सेक्रेटरीसाहेबांनी पोलिसांना बोलावलं होतं, आणि लेखी तक्रारही देऊन टाकली होती.

एक फौजदार आणि एक हवालदार आले. हवालदाराने चार पावलांवरून मान वाकडी करून झाकण वाचलं आणि तो हसायलाच लागला. तेवढ्यात बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. "माझा डबा आहे, साहेब. उघडू?"

आत गोट्या, एक शिट्टी, केसांच्या क्लिपा, जुन्या तिकिटांची गड्डी आणि वही. फौजदार मोठ्याने वाचायला लागले, "सात चाळीस. मथीबाय. पाडा ते बसस्टॉप. दोन टोपल्या, एकीत मेथी." माणसं हसली. फौजदार म्हणाले, चला, विषय संपला. पण सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. एवढ्या लोकांपुढे हसं झालं होतं. "संपला कसा? पंचनामा करा! प्रत्येक वस्तूची नोंद करा. मी पंच म्हणून सही करतो. सोसायटीत काय चाललंय ते कळू दे सगळ्यांना!"

"करा, साहेब, कराच," बाई अगदी गरीब आवाजात म्हणाल्या.

पंचनामा झाला. एक स्टीलचा डबा. एक वही, पानं एकशे बारा, पहिली नोंद अमुक तारखेची, शेवटची तमुक. वाटेने जाणाऱ्यांची नावं, वेळ, कुठून, कुठे. खाली सेक्रेटरीसाहेबांची झोकदार सही. आणि त्यांची तक्रार तर त्याहून बहारदार. रागाच्या भरात त्यांनी लिहिलं होतं की मागच्या गावातले लोक गेली अनेक वर्षं या वाटेने दिवसभर ये-जा करत होते, आम्ही फाटक लावून ती बंद केल्यामुळे त्या रागातून त्यांच्यापैकीच कुणीतरी ही वस्तू ठेवली असावी. महापालिकेला लिहिलं, वाट कुणी वापरत नाही. पोलिसांना लिहिलं, दिवसभर वापरतात. दोन्ही खाली एकच सही.

लिफ्टमध्ये मी बाईंना विचारलं, "डबा बाहेर कसा आला?"

"मी फक्त पुढं सरकवला," बाई म्हणाल्या. "पुढं सरका, पुढं सरका, हेच बोलत जन्म गेला माझा. बाकी सगळं साहेबांनीच केलं." आणि चौदाव्या मजल्यापर्यंत आम्ही दोघी पोट धरून हसलो.

सुनावणीला मात्र हसू नव्हतं. पोलिसांकडून नकला मिळवून आम्ही अधिकाऱ्यांपुढे तक्रार, पंचनामा आणि वही ठेवली. सेक्रेटरीसाहेबांबरोबर वकील होता. तो म्हणाला, वहीतल्या नोंदी गावातल्या लोकांनी संगनमताने केलेल्या आहेत, सोसायटीतला एकही रहिवासी ती वाट वापरत नव्हता. अधिकाऱ्यांनी वहीची पानं चाळली. "इथे एक नाव सारखं येतं आहे. कुठून: खोपट. हे कोण? हजर आहेत का?"

माझा नवरा त्या दिवशी बरोबर नव्हता. असता तरी काही फरक पडला नसता. मी मागच्या बाकावर होते. समोर साहेब वळून माझ्याकडे बघत होते, गोड, अगदी ओळखीचं हसत. बाईंनी वळून पाहिलं नाही. माझ्याकडे न बघता त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "वैशाली प्रकाश दळवी, बारावा मजला, बी विंग. यायचं असेल तर येईल ती." नाव ठाऊक होतं तर! विंगेसकट!

मी उठले. "मी आहे, साहेब. अक्षर माझं आहे. दोन वर्षं मी त्या वाटेने जाते. पाड्यात भाजीला जाते, वहीत नाव लिहायला जाते आणि काम नसलं तरी जाते. सभेत फाटकाचा विषय निघाला तेव्हा मी घाबरून गप्प बसले होते. माझ्या गप्प बसण्याने एका पोरीचा हात मोडला. आता लिहून घ्या, लागेल तिथे सही करते." आवाज चढला होता, चढू दे. वकील काहीतरी म्हणाला, त्यालाही मी म्हटलं, "तुम्ही थांबा, माझं संपलेलं नाही." काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. बोलून झालं तरी मी उभीच होते.

बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची आपली खाकी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ये, खोपट," त्या म्हणाल्या. "बस आता. जागा झाली."

महिन्याभरात फाटक निघालं. आम्हांला पार्किंग मिळालं नाही ते नाहीच, आमची गाडी आजही हायवेलगत उन्हात उभी असते आणि नवरा अधूनमधून उसासे टाकतो. टाकू दे. दर्शना प्लॅस्टर निघालेल्या हाताने त्या दिवशी पहिली नोंद करायला आली होती. खांबात रुतलेल्या बिजागऱ्या तशाच राहिल्या, त्या बघून बाई म्हणायच्या, "असू देत. परत बसवायची हौस आली तर आपल्यालाही आठवण राहील."

बाईंच्या हृदयात दोन स्टेंट होते आणि त्याबद्दल बोललेलं त्यांना खपत नसे. पुढे काय, मेल्यावर काय, असल्या गप्पा कुणी काढल्या की त्या म्हणायच्या, "शेवटचा स्टॉप म्हणजे शेवटचा स्टॉप. गाडी पुढं जाणार नाही. उतरा मुकाट्यानं. मधल्या स्टॉपांवर काय केलं ते बोला." गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. चहाला बोलवायला मीच वर गेले होते. पायाशी बूट नीट जोडून ठेवलेले होते, दाराकडे तोंड करून. ते बघितले आणि मी हंबरडा फोडला.

मी त्यांच्या मुलाबरोबर खाली उभी होते तेव्हा करंजाच्या वाटेने माणसं यायला लागली. मथीबाय पुढे, दर्शना, अंगणवाडीच्या ताई, दूधवाला, त्यांच्या मागे सगळा पाडा. आतापर्यंत ती माणसं वाटेने यायची आणि आमच्या भिंतीच्या कडेकडेने बसस्टॉपवर निघून जायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती सरळ आमच्या टॉवरांच्या मधोमध चालत आली. एजन्सीने आणलेला नवा वॉचमन खुर्चीतून उठला. "कहाँ जा रहे हो?" त्याने विचारलं.

"साळवेबायकडं," मथीबाय न थांबता म्हणाली. सेक्रेटरीसाहेब तिथेच उभे होते. ते बाजूला झाले.

तेरा दिवसही झाले नव्हते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर साहेबांचाच मेसेज आला. साळवेमॅडमना भावपूर्ण श्रद्धांजली, आणि लगेच खाली, पुढील सभेत मागील वाटेवर ठरावीक वेळेचं गेट बसवण्याचा फेरविचार. मी वाचलं आणि बूट घातले. करंजाशी गेले, डबा काढला. वही संपत आली होती, दोन-तीन पानं उरली होती. मी नवी जाडजूड वही नेली होती. पट्टी घेऊन तिच्यात रकाने आखले, बाई आखायच्या तसे. तारीख लिहिली, वेळ लिहिली, नाव लिहिलं. मग 'कुठून'च्या रकान्यात, जिथे तीन वर्षं मी हट्टाने खोपट लिहीत आले, तिथे लिहिलं: करंजपाडा वाट. कुठे: सभेला. सोबत काय: ही वही.

डबा ढोलीत आत सारला, आणि जाताना खांबाच्या बिजागरीवर किल्लीने दोनदा वाजवलं.